दुमडलेला कोपरा

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २६ सप्टेंबर १९२६

गंगाधर,

वर नुसतंच नाव लिहिलं आहे, कारण मायना सुचेना. धाकट्या भावाला 'चिरंजीव' लिहावं, हे मी वीस वर्षं पोरांना शिकवत आलो. पण परवाच महालयात वडिलांच्या पिंडाशेजारी तुझाही पिंड ठेवला. आता तुला चिरंजीव कसं लिहू? आणि कैलासवासी लिहावं, तर तुझ्या हातचं चार पानी पत्र समोर पडलं आहे.

ते शाळेच्या पत्त्यावर आलं हे उत्तम झालं. हेडमास्तरांनी हातात देताना विचारलं, 'मोहोळकर, अमेरिकेत तुमचं कोण?' मी म्हटलं, 'एक ओळखीचे आहेत.' सख्खा भाऊ असून ओळखीचा झालास बघ.

रागावू नकोस, नीट ऐक. तेवीस साली तू तिकडच्या बाईशी लग्न करतो म्हणून कळवलंस, तेव्हा 'या घरात पुन्हा पत्र टाकू नकोस' असं मी लिहिलं होतं. ते रागाच्या भरात लिहिलं आणि तू अक्षरशः पाळलंस. आईला मी लग्नाचं सांगितलं नाही. गंगाधर कामात आहे, एवढंच म्हणत राहिलो. मग गेल्या वर्षी, बारा फेब्रुवारीला, एक कार्ड आलं. चित्राचं कार्ड, इंग्रजीत लिहिलेलं. त्याचा उजवीकडचा वरचा कोपरा फाटलेला होता. सात वर्षं तिकडे काढलीस म्हणून कोपरा फाडलेलं कार्ड आपल्याकडे कशाचं असतं हे विसरला नसशील. मरणाची बातमी, दुसरं काय? पोस्टमन सिद्रामप्पा पायरीसुद्धा चढला नाही. रस्त्यातूनच म्हणाला, 'मास्तर, जरा भाईर या.'

आई ओट्यावर वाती वळत बसली होती. तिने कोपरा पाहिला आणि हातातली कापसाची परडी खाली पडली. शेजारणी धावल्या. असलं कार्ड उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. मी तिथल्या तिथे फाडून टाकलं, वाचलंसुद्धा नाही. मग अंघोळी, सुतक, दहावा, तेरावा, सगळं यथासांग. दहाव्याला कावळा काही केल्या शिवेना. तासभर उन्हात उभे राहिलो, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. का शिवत नव्हता ते आता कळतं. अशी ही चूक झाली. एका फाटक्या कोपऱ्याची चूक, कुणाला दोष द्यायचा?

आता तुझी मागणी. तुझ्या ईस्ट कॉर्बिन गावाला पुढच्या वर्षी दीडशे वर्षं होतात, म्हणून गाव आपली बखर छापणार. त्यात प्रत्येक घराण्याला एक पान, त्यावर ते कुठून आलं, मूळ पुरुष कोण, गावासाठी त्यांनी काय केलं. तुझंही पान ठेवलं आहे. पण वरची जागा मोकळी आहे, कारण तुझे पूर्वज तिथे कुणाला ठाऊक नाहीत. घरच्या वडीलधाऱ्याने सहीनिशी लिहून द्यायचं की हा आमच्या घरचा, आणि ही त्याच्या वाडवडिलांची नावं. एक मार्चच्या गावसभेपुढे कागद आला नाही तर पान गळणार.

दीडशे वर्षं! अरे, आपल्या पेठेत दीडशे वर्षांचं नुसतं भांडण सापडेल. पण ते असो. तुझं गाव मला तुझ्या जुन्या पत्रांमुळे तोंडपाठ आहे. पांढऱ्या लाकडाचं टोकदार देऊळ, त्यापुढे सगळ्यांचं मिळून एक कुरण, नदीवर तू काम करतोस ती लोकरीची गिरणी. झाडाला भोक पाडून रस काढायचा आणि आपल्या गुऱ्हाळासारखा कढवायचा. कुणाच्या मेंढरांच्या कानाला कशी खूण, हे गावाच्या वहीत पहिल्या वर्षापासून लिहून ठेवलेलं. आणि दुकानातल्या शेगडीभोवती बसून दिवसभर दुसऱ्याच्या सुनांची चौकशी करणारे म्हातारे. म्हणजे शुक्रवार पेठच की रे, फक्त बर्फ पडतो! थंडीत जमीन खणता येत नाही म्हणून मेलेल्यांना एका कोठडीत ठेवतात आणि उन्हाळ्यात पुरतात, हे वाचून तुझ्या वहिनीने दोन दिवस अन्न टाकलं होतं.

नावं मी पाठवीन. सही मात्र मागू नकोस. सही केली म्हणजे 'माझा भाऊ जिवंत आहे' असं मी लिहून दिलं. दोन वर्षं ज्याला तिलोदक दिलं तो जिवंत आहे म्हणून पेठेत कुठल्या तोंडाने सांगू? आणि आई अडुसष्टची आहे. एकदा तुझ्यासाठी रडून झाली आहे, आता तिला पुन्हा हलवायला नको. घरच्या पत्त्यावर लिहू नकोस.

वेणीमाधव


ता. १४ नोव्हेंबर १९२६

गंगाधर,

तुझं उत्तर यायला अजून तीन आठवडे तरी आहेत, पण मला दम निघेना.

आई आजारी आहे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उठली ती खोकतच. आता छाती भरून येते, पायांवर सूज आहे. चन्नवीर वैद्यांनी शेळीचं दूध सांगितलं. मायाक्का धनगरीण आठवते ना? ती अजून आपल्या गल्लीत शेळ्या घेऊन येते आणि दाराशी पिळून देते. काल तिने भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, 'मास्तर, एक इचारू? रागवू नगासा.'

'विचार की.'

'धाकल्या मालकांचा कागद आला त्या दिशी मी हितंच व्हते. तुमी त्यो फाडला न्हाय. वाचला आन् खिशात घातला.'

'तुझं काहीतरीच.'

'मरणाचा कागद कुनी खिशात घालतंय व्हय? आमी अडाणी मानसं, पर आमी बी घरात आणत न्हाय. लई दिस झालं, इचारीन म्हनत व्हते.'

मी तिच्यावर ओरडलो. तुझं काम दूध घालायचं, वकिली करायची नाही, म्हणालो. आणि तणतणत आत आलो तो निम्मं दूध सांडून.

तेव्हा मागच्या पत्रात एक दुरुस्ती कर. पोरांच्या वहीत मी तांबड्या शाईने करतो, तशी. 'वाचलंसुद्धा नाही' हे वाक्य खोटं आहे. मी वाचलं. दोनदा वाचलं. ते कार्ड शाळेच्या कपाटात माझ्या नकाशांच्या पुस्तकात आहे, अमेरिकेच्या पानाला. तुझं गाव त्या नकाशात नाही, मी भिंग लावून पाहिलं आहे.

त्यात लिहिलं होतं, की मी गंगाधरची बायको, एडिथ. आम्हाला दोन महिन्यांची मुलगी आहे, तिचं नाव रूथ गोदावरी. गावची बखर व्हायची आहे, मीच ती लिहिते आहे, तर तुमच्या वाडवडिलांची नावं कळवा. आणि खाली बारीक अक्षरात: 'आमच्या गावात कुणाकडे गेलं आणि ते भेटले नाहीत, तर आपल्या नावाचं कार्ड ठेवून येतात. कुणाच्या हाती पाठवलं नाही, आपण स्वतः दाराशी आलो होतो, हे कळावं म्हणून त्याचा कोपरा दुमडतात. मला एवढा समुद्र ओलांडून येता येत नाही, म्हणून मी हा कोपरा दुमडला आहे. आईंना सांगा, सून येऊन गेली.'

दुमडलेला कोपरा, गंगाधर. बोटीत, गाडीत, थैल्यांत घासून तो घडीवर तुटला. तिने दाराशी आल्याची खूण केली आणि आमच्या दाराशी पोचेपर्यंत तिचं मरणाचं कार्ड झालं. इतपत चूक खरीच कुणाची नव्हती.

पुढची माझी. मी ओट्याखाली उभा राहून वाचत होतो आणि वर आई टाहो फोडत होती. 'आई, नाही गं, तो सुखरूप आहे,' एवढंच म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. पण तीन दिवसांनी पद्मजेला बघायला माळशिरसची मंडळी येणार होती. मुलीचा काका अमेरिकेत गोरी बायको करून बसला आहे हे कळतं, तर ती मंडळी आली नसती. काका वारला म्हटल्यावर शोक करायला आली, आणि सुतक फिटल्यावर लग्न ठरवून गेली. सगळे हळहळले. तुझं लग्न, तुझा संसार, त्याची कुणाला उत्तरं देणं, सगळंच एका अंघोळीत सुटलं. मी कार्ड खिशात घातलं. मायाक्काने बरोबर पाहिलं होतं.

आणि काय रे, पोरीला आईचं नाव ठेवलंस! जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, एवढं तरी लक्षात ठेवायचं होतंस. पण मी कुणाला शिकवतो? मी जिवंत माणसाचे पिंड घालतो, तू जिवंत माणसाचं नाव ठेवतोस. शोभतोस माझा भाऊ!

एक गोष्ट लिहिता लिहिता आठवली. तुझ्या श्राद्धाला आई स्वतः गव्हल्यांची खीर करते, तुला आवडायची तशी, आणि आपण थेंबभरही तोंडात घालत नाही. पोट बरं नाही म्हणते. दोन्ही वर्षं तिचं पोट त्याच दिवशी बिघडलं.

वेणीमाधव


ता. १९ डिसेंबर १९२६

प्रिय गंगाधर,

तुझं उत्तर आलं. शिव्या असतील म्हणून मी ते शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून फोडलं. शिव्या नव्हत्या. त्या असत्या तर बरं झालं असतं. 'दादा, मला मारलंत त्याचं माझं मी बघतो. आईला माझ्यामागे रडवलंत, ते आता थांबवा.' एवढं एकच वाक्य माझ्यासाठी, बाकी सगळं गावसभेचं.

फोटो पाहिला. तू सुटला आहेस, कोट पोटावर ताणला आहे. एडिथ तुझ्याहून उंच दिसते. पोरीने उन्हाने डोळे मिटले आहेत, पण नाक आपलं आहे, वडिलांचं. तुझ्या वहिनीला दाखवला. होय, तिला मी सांगितलं. चूल विझली होती ती पुन्हा पेटवायला गेली आणि तिथेच बराच वेळ बसून राहिली.

गावसभेचं मी तीन वेळा वाचलं. अख्खं गाव एका दालनात बसतं, रस्त्यावरचा बर्फ काढण्यापासून बखरीतल्या पानापर्यंत सगळं हात वर करून ठरवतं. पाटील नाही, मामलेदार नाही. तुझ्या पानावर दीड तास वाद झाला आणि त्रेचाळीस विरुद्ध अडतीस मतांनी ते एक मार्चपर्यंत तरी टिकलं. तुमच्या वरच्या कोर्टाने हिंदी माणूस तिथला नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला, तुझ्याशी लग्न केलं म्हणून एडिथचाही हक्क गेला, हे मला ठाऊक नव्हतं. तिचे पणजोबा बैलगाडीतून त्या गावात पहिले आले, आणि तीच तिथे परकी! तरी तिने बखर लिहायची सोडली नाही. गावाचं तोंड पाहायचं नाही असं म्हणायला तिला जागा होती. मी असतो तर म्हटलं असतं.

आणि तो तुमचा अमॉस पाइक! उभा राहून म्हणाला, 'ज्याचा आजा कोण हे कुणाला माहीत नाही, असा माणूस आमच्या पुस्तकात नको.' आजा माहीत नाही! आमचा? माझं डोकंच फिरलं. त्या पाइकाला सांग, त्याच्या गावात पहिलं खोड तोडलं गेलं तेव्हा मोहोळात आमच्या खापरपणज्याच्या देवघरात चार पिढ्यांचे टाक पूजेत होते. त्याला सांग, आमचे आजे-पणजे सगळे माहीत आहेत, त्यांची गोत्रंसुद्धा माहीत आहेत. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली: वेणीमाधव व गंगाधर, बाप राघवेंद्र, आजा वेंकटेश, पणजा तिम्माजी. वर चार पिढ्या झरझर लिहिल्या. मग सहीची जागा आली.

आणि लेखणी थांबली. पाइकाला आजा माहीत नाही याचा राग आला. आणि इथे आईला मुलगा जिवंत आहे हे माहीत नाही, त्याची सोय मीच करून ठेवली आहे. पाइक निदान सगळ्यांसमोर उभा राहून बोलला.

पद्मजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. आठवा लागला. आज बोललो तर उद्या माळशिरसला कळेल. तिची सासू करडी आहे, 'मेलेला काका उठून बसला, आता आणखी काय काय लपवलंत?' असं विचारायला कमी करणार नाही. या वयात मुलगी माघारी आली तर मी काय करू? रोज शाळेतून येताना ठरवतो, आज आईला सांगायचं. दारात चपला काढेपर्यंत तो निश्चय टिकतो. आत तिचा खोकला ऐकला की वाटतं, उद्या. मी भितो रे. पंचेचाळीस वर्षांचा होऊन आईला भितो.

तुझा
वेणीमाधव


ता. ९ जानेवारी १९२७

प्रिय गंगाधर,

सांगितलं.

दुपारी मागच्या अंगणात उन्हाला तिची बाज टाकली होती. वैद्य सकाळीच मला बाजूला घेऊन म्हणाले होते, 'मास्तर, आता दूध नुसतं समाधानाला.' मी कार्ड आणि फोटो कोटाच्या खिशात घेऊन तिच्या पायथ्याशी बसलो. 'आई, गंगाधर...' म्हटलं आणि खिशात हात घातला.

ती म्हणाली, 'जिवंत आहे. होय की नाही?'

माझा हात खिशातच राहिला.

'कार्ड खिशात घातलंस तू. मी रडत होते, आंधळी नव्हते. आणि कावळा शिवला नाही. तुम्ही दर्भाचा केलात, मला काय तो दिसला नाही?'

'मग बोलली का नाहीस गं?'

'काय बोलू? चार माणसांत तुला खोटं पाडू? घरात कर्ता तू एकटा. पद्मीचं ठरत होतं. म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग आपणहून सांगेल. लग्न झालं. मग म्हटलं, दिवाळीला सांगेल. अरे वेण्या, दोन वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघत बसले. जिवंत पोराच्या श्राद्धाची खीर करायला लावलीस, मी केली. गिळवली मात्र नाही.'

मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. लाज वाटली नाही. तिने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावरून हातही फिरवला नाही. मग म्हणाली, 'झालं तुझं? आता वाच.'

मी कार्ड वाचून दाखवलं, मराठी करून. कोपऱ्याचं ऐकलं तेव्हा तिने ते हातात घेतलं आणि फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवत राहिली. 'म्हणजे सून दाराशी आली होती, आणि मी तिला बघून टाहो फोडला,' म्हणाली. मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना पाणी आलं. नातीचं नाव सांगितलं तशी हसली, खोकली, पुन्हा हसली. 'गोदावरी? म्हणजे मी तिकडे पळत असेन की आता! बर्फात पडले नाही म्हणजे मिळवलं.'

तेवढ्यात मायाक्का दूध घेऊन आली. आईने तिलाच हाक मारली, 'मायाक्का, माझा गंगाधर मेंढरांच्या गावात आहे गं!' मग मला तुझी जुनी पत्रं काढायला लावून मेंढरांच्या कानांच्या खुणांचा तो मजकूर तिला वाचून दाखवायला लावला. एडिथच्या माहेरची खूण उजव्या कानाचा शेंडा सरळ कापलेला, हे ऐकून मायाक्का म्हणाली, 'आमच्यात बी कापत्यात की. कान कापलेलं मेंढरू कुटं बी जाऊ द्या माई, कुनाचं ते कळतंय.' माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी तिची माफी मागायला हवी होती. ती अजून राहिली आहे.

मग वंशावळ. मी सात नावं वाचली, आई म्हणाली, 'आणि बायका?' तुमच्या बखरीत बायकांची नावं येतात, हे तू लिहिलं होतंस. मला आजीचं नाव तुंगा, एवढंच माहीत होतं. आई सांगत गेली. पणजी कृष्णाबाई, तिची सासू भागीरथी, ती अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलायची. त्यापलीकडच्या तीन आईलाही ठाऊक नव्हत्या. 'रेघ मार,' म्हणाली, 'पण जागा सोड. त्या होत्या.' शेवटी मी लिहिलं: गंगाधर राघवेंद्र मोहोळकर, माझा सख्खा धाकटा भाऊ, हयात, त्याची पत्नी एडिथ, कन्या रूथ गोदावरी. आणि खाली सही केली. लेखणी थांबली नाही.

पद्मजा दारात उभी राहून ऐकत होती, मला पत्ता नाही. म्हणाली, 'अण्णा, सासरी मी सांगीन. काका मेल्यापेक्षा जिवंत बरा की.' इतकं सोपं होतं का रे हे? की तिलाच सोपं आहे?

वंशावळीची स्वच्छ प्रत पद्मजा करते आहे, तिचं अक्षर माझ्याहून बरं. गुरुवारी टपालात टाकलं तरी शनिवारची बोट मिळेल आणि एक मार्चच्या आत पोचेल.

आता शेवटचं. हे पत्र मी बाजेशीच बसून लिहितो आहे. आईने कागद मागितला आणि म्हणाली, 'ती आली तशी मीही जाऊन येते. कुठला कोपरा दुमडायचा?' मी दाखवला. घडी वाकडी झाली, पण नखाने दाबून पक्की केली. 'आता हा वाटेत फाटला तर घाबरू नको म्हणावं.'

तुझा
दादा


ता. १३ जानेवारी १९२७

चिरंजीव गंगाधर यास अनेक आशीर्वाद.

आई मंगळवारी सकाळी गेली. उजाडल्यावर थोडं दूध घेतलं, फोटो उशाशी हवा म्हणाली, आणि पद्मजा तिचे केस विंचरत असताना गेली. त्रास झाला नाही. आदल्या दिवशी दोनदा 'गोदी पडली का?' म्हणून विचारलं. आम्हाला वाटलं भ्रम झाला आहे. मग लक्षात आलं, ती तुझ्या पोरीचं विचारत होती. नाही पडली, असं मी सांगितलं.

रविवारचं पत्र घरीच होतं. त्याच पाकिटात हे घालतो, वंशावळही आहे. सुतकात टपाल टाकू नये म्हणाले लोक. मी टाकतो आहे. एक तारखेला पाइक दालनात बसलेला असेल, आणि वरची जागा मोकळी राहता कामा नये. बखरीत आईच्या नावापुढे परवाची, अकरा जानेवारीची तारीख एडिथला घालायला सांग.

नीट बघ. रविवारच्या पत्राचा उजवीकडचा वरचा कोपरा दुमडलेला आहे, तो आईने दुमडला. या कागदाचा फाटलेला आहे, तो मी फाडला. वाटेत दोन्ही सारखे झाले, तर कुठला कुणाचा ते आता तुला कळेल.

दोन वर्षं मी तुला तिलोदक दिलं, त्याची क्षमा मी मागत नाही. तुला ती देता येणार नाही हे मला माहीत आहे. पण मेलेल्याला सुतक नसतं, तुला आहे. बातमी कळेल त्या दिवसापासून दहा दिवस धर. एडिथनेही धरावं, ती या घरची सून आहे. पोरीला काही नको, ती लहान आहे.

पत्र वाचून झालं की आधी डोक्यावरून अंघोळ कर. तिकडे बर्फ असेल. पाणी तापवून घे.

दादा